ईथरनेट हबचे व्यवस्थापन

एका इमारतीतील किंवा आवारातील संगणक परस्परांस जोडणाऱ्या ईथरनेट जालात सर्व तारा ज्या सामाईक जोडपेटीत एकत्र येतात, तिला हब असे म्हणतात. या हबवर दूरच्या संगणकावरील सॉफ्टवेअरच्या साहाय्याने देखरेख ठेवणे, त्याच्या प्रत्येक पोर्टवरील वाहतूक व दोष मोजणे, सदोष जोडणी शोधून ती जालापासून अलग करणे आणि हबची मांडणी आवश्यकतेनुसार बदलणे, या कार्यांचा समावेश हबच्या व्यवस्थापनात होतो. या दृष्टीने हबचे दोन प्रकार पडतात. साध्या हबमध्ये केवळ संकेत पुढे पाठविणारी मंडले असतात. व्यवस्थापनक्षम हबमध्ये त्यांखेरीज एक सूक्ष्मप्रक्रियक, स्मृती आणि हबला जालावर स्वतःची ओळख देणारा आयपी पत्ता असतो. पहिल्या प्रकारातील दोष शोधण्यासाठी माणसाला हबपाशी जावे लागते. दुसऱ्या प्रकारात हब स्वतःच आपल्या स्थितीचा वृत्तांत देतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ईथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्याने ती प्रत्यक्षात आणली. डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० मध्ये सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या ईथरनेटचे विनिर्देश प्रसिद्ध केले आणि १९८३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.३ या क्रमांकाचे मानक संमत केले. आरंभीच्या ईथरनेटमध्ये एकच समाक्ष केबल सर्व खोल्यांतून फिरविलेली असे व संगणक तिला ठिकठिकाणी जोडलेले असत. केबल कोठेही तुटली किंवा तिच्या टोकाचा रोध निसटला, तर त्या केबलवरील सर्वच संगणकांचा संपर्क खंडित होई आणि दोषाची जागा शोधण्यासाठी केबलचा एकेक भाग तपासत जावे लागे.

दूरध्वनीच्या तारेसारखी पीळ दिलेली तार वापरून प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे मध्यवर्ती पेटीला जोडण्याची तारकाकृती रचना १९८० नंतरच्या दशकात पुढे आली. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या सिनऑप्टिक्स या अमेरिकन कंपनीचा या रचनेच्या प्रसारात मोठा वाटा आहे. १९९० मध्ये १०बेस-टी या नावाने तिला मानकाचे रूप मिळाले आणि १९९५ मध्ये सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचे मानक आले. सर्व तारा एका जागी आल्यामुळे एका तारेतील दोष इतरांपासून तोडता येऊ लागला आणि सर्व तारांचे निरीक्षणही त्याच एका जागेवरून शक्य झाले. हबच्या व्यवस्थापनाचे मूळ या रचनेत आहे.

भारतात संशोधन संस्थांतील संगणक-जालांना १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने चालना मिळाली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या या प्रकल्पास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य होते आणि त्यातील सहभागी संस्थांत मुंबई येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र व भारतीय तंत्रविज्ञान संस्था या दोहोंचा समावेश होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांना खुली केली. त्यानंतर महाविद्यालये, बँका, कारखाने व शासकीय कार्यालये यांत अंतर्गत जाले उभी राहिली आणि हब ही वस्तू कार्यालयीन सामग्रीचा नित्याचा भाग बनली.

हबचे कार्य : हब हा अनेक पोर्ट असलेला पुनरावर्तक आहे. एका पोर्टवर आलेला विद्युत् संकेत तो पुन्हा सुस्पष्ट व सबळ करून उरलेल्या सर्व पोर्टवर पाठवितो. संदेश कोणासाठी आहे, हे तो पाहत नाही. संदेश ज्या ठराविक घडणीच्या तुकड्यांतून जातो त्यांना फ्रेम म्हणतात. फ्रेमची लांबी किमान ६४ व कमाल १,५१८ बाइट असते. एका वेळी एकाच संगणकाने बोलावे असा नियम असून दोन संगणक एकाच वेळी बोलू लागल्यास संकेतांची टक्कर होते. मग दोघेही थांबतात व यदृच्छया ठरलेल्या अल्प कालावधीनंतर पुन्हा प्रयत्न करतात. सोळा प्रयत्न निष्फळ ठरल्यास ती फ्रेम सोडून दिली जाते. तेव्हा टक्कर हा मुळात बिघाड नसून सामाईक मार्ग वाटून घेण्याच्या रीतीचाच तो एक भाग आहे.

या रचनेमुळे हबवरील सर्व संगणक एकमेकांच्या दोषांचेही वाटेकरी होतात. एका संगणकाचे जालपत्र बिघडून अखंड निरर्थक संकेत सोडू लागले, तर कार्यालयातील सर्वांचे काम थांबते आणि तक्रारही सर्वांकडून एकसारखीच येते : जाल चालत नाही. हे टाळण्यासाठी हबमध्ये काही उपाय अंगभूत असतात. एखाद्या पोर्टवर सलग तीसहून अधिक टकरी झाल्यास हब त्या पोर्टकडून येणारे संकेत पुढे पाठविणे आपोआप थांबवितो व सुरळीत संदेश जाऊ लागताच ते पुन्हा स्वीकारतो. या क्रियेला स्वयंचलित विभाजन म्हणतात. साध्या हबमध्येही ही क्रिया घडते. मात्र ती घडल्याचे पेटीवरच्या लहान दिव्याखेरीज कोणालाही कळत नाही.

व्यवस्थापनाचे घटक : व्यवस्थापन व्यवस्थेचे चार घटक असतात. (१) हबमधील प्रतिनिधी : ही हबच्या स्मृतीत कायम असलेली छोटी आज्ञावली मोजमापे जमविते व विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देते. (२) व्यवस्थापन स्थानक : ज्या संगणकावर व्यवस्थापन सॉफ्टवेअर चालते तो संगणक. (३) माहिती-कोष : कोणकोणत्या गोष्टी विचारता किंवा बदलता येतील, त्यांची क्रमवार सूची. (४) प्रोटोकॉल : प्रश्नोत्तरांची ठरलेली पद्धत.

या प्रोटोकॉलमध्ये एसएनएमपी या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा प्रोटोकॉल सर्वाधिक प्रचलित आहे. त्याचे पहिले विनिर्देश १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले व १९९० मध्ये त्यांना स्थिर रूप आले. त्यातील मूळ क्रिया थोड्याच आहेत : एखादे मूल्य वाचणे, सूचीतील पुढचे मूल्य वाचणे, मूल्य बदलणे आणि हबने न विचारता स्वतःहून इशारा पाठविणे. प्रत्येक मूल्याला झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरत जाणाऱ्या क्रमांकमालिकेतील एक जागा असते, पुनरावर्तकांसाठी १.३.६.१.२.१.२२ ही शाखा राखून ठेवलेली आहे. पुनरावर्तकांचा माहिती-कोष प्रथम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला व १९९३ आणि १९९७ मध्ये सुधारला गेला. या समान सूचीमुळे एका उत्पादकाचे सॉफ्टवेअर दुसऱ्या उत्पादकाच्या हबची मूलभूत मोजमापे वाचू शकते. उत्पादकांनी स्वतःच्या खास सोयींसाठी वेगळ्या शाखाही घेतलेल्या असल्याने ही समानता मात्र पूर्ण नसते.

मोजमापे : प्रतिनिधी प्रत्येक पोर्टसाठी अनेक गणित्रे चालवितो. गणित्र म्हणजे केवळ वाढत जाणारा आकडा होय. निर्दोष फ्रेमची व त्यांतील बाइटची संख्या वाहतुकीचे मान देते. उरलेली गणित्रे दोषांची असतात. तपासणी-बेरीज न जुळलेल्या फ्रेम व बाइटच्या सीमेवर न संपलेल्या फ्रेम या सदोष तारेच्या किंवा विद्युत् गोंगाटाच्या निदर्शक असतात. कमाल मर्यादेहून लांब फ्रेम व फार काळ चाललेले प्रक्षेपण ही बिघडलेल्या जालपत्राची खूण होय. सेकंदाला १० मेगाबिट वेगाने सर्वांत लांब फ्रेमलाही सु. १.२ मिलिसेकंद एवढाच वेळ लागतो. उशिरा झालेल्या टकरी वेगळ्या मोजल्या जातात. नियमानुसार बांधलेल्या जालात टक्कर झालीच तर ती पहिल्या ५१२ बिटांच्या काळात, म्हणजे ५१.२ मायक्रोसेकंदांत व्हावयास हवी. त्यानंतर होणारी टक्कर तारांची लांबी मर्यादेबाहेर असल्याचे किंवा एखादा संगणक चुकीच्या रीतीने बोलत असल्याचे सुचविते. यांखेरीज स्वयंचलित विभाजन किती वेळा झाले, पोर्टवर शेवटी कोणत्या संगणकाचा पत्ता दिसला आणि तो पत्ता किती वेळा बदलला, हेही नोंदले जाते.

गणित्राचा एकच आकडा फारसा अर्थपूर्ण नसतो. दोन वाचनांमधील फरकाला अर्थ असतो. समजा, एका पोर्टवरील बाइटचे गणित्र ३०० सेकंदांत ७,५०,००,००० ने वाढले. त्याला ८ ने गुणून ३०० ने भागल्यास सेकंदाला २०,००,००० बिट, म्हणजे १० मेगाबिट क्षमतेच्या २० टक्के वापर असे उत्तर मिळते. मूळ गणित्रे ३२ बिटांची असल्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ या आकड्यानंतर ती पुन्हा शून्यावर येतात. सेकंदाला १० मेगाबिट वेगाची वाहिनी अखंड भरून वाहिली, तर हे सु. ५७ मिनिटांत घडते. १०० मेगाबिट वेगात सहा मिनिटांहूनही कमी वेळ लागतो. म्हणून दोन वाचनांतील अंतर त्याहून कमी ठेवणे आवश्यक असते. हब मध्येच बंद पडून पुन्हा चालू झाल्यासही गणित्रे आरंभापासून सुरू होतात. याकरिता हब किती काळ अखंड चालू आहे, हे मूल्य प्रत्येक वेळी सोबत वाचले जाते.

मांडणी : नव्या हबला आयपी पत्ता नसतो, त्यामुळे पहिली मांडणी बहुधा हबवरील अनुक्रमी पोर्टला संगणक थेट जोडून करतात. पत्ता, उपजालाची मर्यादा व बाहेर जाण्याचा मार्ग या तीन गोष्टी दिल्या, की पुढील काम जालावरून करता येते. नंतर हबचे नाव, त्याची जागा व जबाबदार व्यक्तीचे पद ही मूल्ये भरतात. इशारे कोणत्या स्थानकाकडे जावेत हे ठरवितात आणि प्रत्येक पोर्टची तार कोणत्या खोलीतील कोणत्या भिंत-जोडणीकडे जाते याची नोंदवही तयार करतात. ही नोंदवही अनेकदा दुर्लक्षित राहते. परंतु तिच्याविना सतराव्या पोर्टवर दोष आहे, या माहितीचा उपयोग होत नाही. कारण सतरावा पोर्ट म्हणजे कोणाचे टेबल, हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

यानंतर मोजणीचा कालावधी व इशाऱ्याच्या मर्यादा ठरवाव्या लागतात. मर्यादा पुस्तकातून उचलण्यापेक्षा जाल सुस्थितीत असताना काही आठवडे मोजणी करून नेहमीची पातळी समजून घेणे श्रेयस्कर असते. वेतनपत्रके निघण्याचा दिवस किंवा परीक्षा-अर्जांची अखेरची तारीख अशा वेळी वाढलेली वाहतूक हा बिघाड नसतो. मर्यादा फार खाली ठेवल्यास इशारे इतके येतात, की त्यांकडे पाहणेच बंद होते.

पोर्ट चालू किंवा बंद करणे ही मांडणीतील सर्वांत प्रभावी आज्ञा होय. एक मूल्य बदलताच दूरच्या खोलीतील संगणक जालापासून तुटतो. ज्या पोर्टमधून व्यवस्थापन स्थानक स्वतः हबशी जोडलेले आहे, तोच पोर्ट बंद केला गेल्यास पुढची आज्ञा पोहोचण्याचा मार्गच उरत नाही आणि अनुक्रमी पोर्टपाशी प्रत्यक्ष जावे लागते. म्हणून असे पोर्ट नोंदवहीत ठळकपणे दर्शविलेले असावेत.

दोषनिदान : गणित्रांच्या एकत्रित वाचनातून दोषाचे स्वरूप ओळखता येते. एकाच पोर्टवर तपासणी-बेरजेचे दोष वाढत असतील व इतरत्र नसतील, तर प्रथम ती तार व तिची टोके तपासतात. अनेक पोर्टवर ते एकाच वेळी वाढत असतील, तर त्या तारा विजेच्या जाड केबलींजवळून किंवा मोटारींजवळून नेलेल्या असण्याचा संभव असतो. कारखान्यांत हा अनुभव विशेष येतो. एखाद्या पोर्टवर उशिरा झालेल्या टकरी व तुटक फ्रेम एकदमच दिसू लागल्यास तेथील संगणक एकाच वेळी बोलणे व ऐकणे या पद्धतीवर ठेवलेला असल्याची शक्यता असते. हबला ही पद्धत चालत नाही. टकरींचे प्रमाण सर्वत्र वाढते आहे परंतु दोष नाहीत, असे असेल तर दुरुस्ती नव्हे, तर जालाचे विभाजन करणे हाच उपाय होय. पत्ता वारंवार बदलणारा पोर्ट असे दर्शवितो, की तेथे एका संगणकाऐवजी आणखी एक हब परस्पर जोडला गेला आहे.

विस्तीर्ण आवारातील उपयोग : पीळ दिलेल्या तारेची मर्यादा १०० मी. आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे आवार ७०० एकरांहून मोठे आहे. तेवढे क्षेत्र चौरस मानले, तरी त्याची एक बाजू सु. १.७ किमी. भरते. अशा आवारात प्रत्येक विभागाच्या इमारतीत स्वतंत्र हब वा स्विच बसवून ते प्रकाशीय तंतूंनी जोडणे अपरिहार्य ठरते. १० मेगाबिट वेगाच्या तंतूंची एक जोडणी मानकानुसार २ किमी.पर्यंत नेता येते. याच आवारात इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रविद्येचे प्रशिक्षण देणारी केंद्र शासनाची राष्ट्रीय संस्था (नाइलिट) आहे. इमारती जितक्या दूर, तितके बसल्या जागी मिळणारे निदान मोलाचे ठरते. कारण जाऊन पाहण्यात लागणाऱ्या वेळात त्या इमारतीतील सर्वांचे काम थांबलेले असते.

मराठवाड्याच्या हवामानाचाही येथे संबंध येतो. उन्हाळ्यात या भागातील तापमान ४०° से.च्या वर जाते, तर अनेक उपकरणांची कार्यमर्यादा ४०° ते ५०° से. एवढीच असते. बंद कपाटात ठेवलेल्या हबभोवतीची हवा खोलीतील हवेपेक्षाही तप्त होते आणि धुळीने पंख्याची क्षमता घटते. वीज वारंवार खंडित होत असल्यास हब व व्यवस्थापन स्थानक या दोहोंना अखंड वीजपुरवठ्याचे उपकरण लागते. केवळ स्थानकाला ते असेल, तर वीज जाताच सर्व हब एकदम निरुत्तर होतात आणि सॉफ्टवेअरच्या पडद्यावर विजेचा दोष जालाचा दोष म्हणून दिसतो. उन्हाळ्यातील दुपारीच वाढणारे दोष किंवा दर वेळी शून्यावर आलेला अखंड कार्यकाल यांवरून अशी कारणे ओळखता येतात.

शहराजवळ शेंद्रा येथे विकसित झालेल्या ऑरिक या औद्योगिक नगरीत दूर-देखरेखीचे तत्त्व इमारतीपलीकडे नेलेले आढळते. ७ सप्टेंबर २०१९ रोजी उद्‌घाटन झालेल्या ऑरिक हॉल या इमारतीशी निगडित नियंत्रण-व्यवस्थेची कल्पना पाणी, वीज यांसारख्या नागरी सेवांवर एका ठिकाणाहून लक्ष ठेवण्याची आहे. उपकरणे बदलली, तरी दूरच्या उपकरणाला ठराविक काळाने विचारणे, आकड्यांतील फरक पाहणे आणि मर्यादा ओलांडल्यास इशारा देणे ही मूळ रीत तीच राहिली आहे.

सुरक्षितता : एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत व दुसऱ्या आवृत्तीच्या प्रचलित रूपात हबला विचारणाऱ्याची ओळख केवळ एका परवलीच्या शब्दाने पटविली जाते. कारखान्यातून येताना वाचनासाठी ‘पब्लिक’ व बदलांसाठी ‘प्रायव्हेट’ हे शब्द सर्रास ठेवलेले असत आणि ते न बदलल्यास जालावरील कोणालाही पोर्ट बंद करणे शक्य होई. शब्द बदलला तरी धोका संपत नाही. तो उघड्या रूपात तारेवरून जातो आणि हब प्रत्येक फ्रेम सर्व पोर्टवर पाठवीत असल्याने शेजारच्या संगणकावरून तो ऐकता येतो. फेब्रुवारी २००२ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठाच्या संशोधकांनी उजेडात आणलेल्या दोषांमुळे अनेक उत्पादकांची एसएनएमपी उपकरणे असुरक्षित असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या अंतिम विनिर्देशांत ओळखीची खातरजमा व गुप्तलेखन यांची सोय आहे. त्यापूर्वीच्या हबवर मात्र बदलाची परवानगी बंद करून केवळ वाचन चालू ठेवणे व ठराविक पत्त्यांचीच विचारणा स्वीकारणे हे व्यवहार्य उपाय असतात.

व्यवस्थापनातून मिळणाऱ्या नोंदी केवळ यंत्राच्या नसतात. कोणत्या पोर्टवर कोणता संगणक केव्हा चालू होता, ही माहिती त्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाविषयीही काही सांगते. दोषनिदानासाठी जमविलेल्या नोंदी कोणी पाहाव्यात, किती काळ ठेवाव्यात व पोर्ट बंद करण्याचा अधिकार कोणास असावा, याविषयी संस्थेने लेखी नियम करणे इष्ट असते. बंद केलेल्या प्रत्येक पोर्टची वेळ व कारण नोंदले गेल्यास वापरणाऱ्यालाही आपला संपर्क का तुटला हे कळू शकते.

मर्यादा व सद्यःस्थिती : हबची उत्तरे व इशारे बहुधा त्याच जालावरून येतात ज्याची तपासणी करावयाची असते. इशारे पाठविण्याच्या मूळ पद्धतीत पोच मिळण्याची सोय नाही. जाल टकरींनी भरून गेले असता नेमका सर्वांत महत्त्वाचा इशाराच वाटेत हरवू शकतो. इशारा आला नाही, यावरून जाल सुस्थितीत आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी ठराविक काळाने विचारणा करून उत्तर मिळते की नाही, हे पाहावेच लागते. विचारणा फार वरचेवर केली, तर तिचाच भार जालावर पडतो. शिवाय गणित्रे दोष कोणत्या पोर्टवर आहे ते सांगतात. तो तारेत आहे, जालपत्रात आहे की मांडणीत आहे, याचा निर्णय जाणकारालाच करावा लागतो.

फ्रेमवरील पत्ता पाहून ती योग्य त्या पोर्टवरच पाठविणारे स्विच स्वस्त झाल्यावर २००० नंतरच्या दशकात हबचा वापर झपाट्याने मागे पडला. २०११ नंतर नव्या उभारणीसाठी पुनरावर्तकांची शिफारस ८०२.३ मानकांत केली जात नाही. जुन्या प्रयोगशाळा व कारखान्यांतील काही यंत्रांजवळ हब अद्याप आढळतात. हबसाठी विकसित झालेली व्यवस्थापनाची पद्धत मात्र टिकून आहे. प्रतिनिधी, माहिती-कोष, गणित्रे व इशारे ही चौकट स्विच, मार्गयोजक, मुद्रक व अखंड वीजपुरवठ्याची उपकरणे यांनाही लागू पडली असून नवी सॉफ्टवेअरे आकड्यांऐवजी आलेख दाखवीत असली, तरी त्यांमागील मोजणी बव्हंशी याच प्रकारची आहे. प्रत्येक जोडणी स्वतंत्रपणे मोजता आल्यामुळे एकाच्या दोषासाठी सर्वांचे काम थांबविण्याची गरज उरली नाही, हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय.